आखाजीला लेकरं येण्याआधी घरातलं फवारणीचं औषध, अ‍ॅसिड, फिनाईल कुठं हलवायचं?

गिरणाकाठ

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. आपल्याकडं खानदेशात या सणाला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, आणि जे घर वर्षभर दोन-तीन मोठ्या माणसांचं असतं ते पोरांनी भरून जातं. खरिपाची जुळवाजुळवही याच दिवसांत सुरू होते, सालदार बदलतात, मागच्या हंगामाच्या अर्ध्या उरलेल्या बाटल्या इकडून तिकडं हलवल्या जातात. पोरांवर सारखी नजर ठेवायला घरात कुणालाच फुरसत नसते.

म्हणून हा धागा आत्ताच काढतेय. ज्या घरात लहान मूल नाही तिथं सगळ्या वस्तू मोठ्यांच्या सोयीनं ठेवलेल्या असतात. मोरीच्या कोपऱ्यात फिनाईल आणि अ‍ॅसिड. खाटेखाली फवारणीचं औषध, कारण तिथं ऊन लागत नाही आणि चोरीला जात नाही. गव्हाच्या कोठीमागं उंदराचं औषध. देव्हाऱ्याच्या खाली उघडा कापूर. सासऱ्यांच्या उशाशी बीपीच्या गोळ्या. रांगतं मूल या सगळ्यापर्यंत दुपारच्या झोपेच्या वेळात पोहोचतं.

माझ्या मते एक नियम सगळ्यांच्या आधी येतो: वस्तू ज्या बाटलीत आली त्याच बाटलीत राहिली पाहिजे. आपल्याकडं गल्लीत सायकलवर सुटं फिनाईल आणि अ‍ॅसिड विकायला येतात. आपण घरातली थंड पेयाची रिकामी बाटली पुढं करतो. मग ती बाटली मोरीत उभी राहते आणि मूल तिला शरबताची बाटली म्हणूनच ओळखतं. मोठा माणूससुद्धा उन्हातून आला की अंधारात हात लागेल ती बाटली तोंडाला लावतो. थोडे पैसे जास्त गेले तरी बंद, लेबल असलेली, घट्ट झाकणाची बाटली घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं घर जुनं आहे. पुढं ओटा, मधलं घर, स्वयंपाकघर, मागं गोठा, वर पत्रे. अशा घरात नेमकी जागा कोणती निवडावी? तुमच्याकडं काय व्यवस्था आहे ती सविस्तर लिहा.

पांझरा

ताई, वेळेवर धागा काढलात. मी धुळ्याला लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अशी मुलं येतातच, आणि बहुतेक वेळा आईवडिलांच्या हातात बाटली नसते. "कसलंतरी पांढरं पाणी होतं" एवढंच सांगता येतं. फिनाईल, अ‍ॅसिड, रॉकेल आणि फवारणीचं औषध यांवरचे उपचार वेगवेगळे असतात. लेबलवर रसायनाचं नाव असतं, कीटकनाशकाच्या लेबलवर उतारा काय तेही छापलेलं असतं. म्हणून बाटली, पाकीट, उरलेल्या गोळ्यांची पट्टी, जे सापडेल ते पिशवीत घालून सोबत आणा.

आता जे करू नये ते लिहिते, कारण जास्तीचं नुकसान घरातच होतं.

मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. अ‍ॅसिड जाताना अन्ननलिका जाळतं, उलटीतून परत येताना पुन्हा जाळतं. रॉकेल, पेट्रोल, थिनर पोटात गेल्यावर जेवढं वाईट असतं त्यापेक्षा उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर कितीतरी वाईट, त्यातून रासायनिक न्यूमोनिया होतो. तूप, तेल, दूध पाजायची आपल्याकडं पद्धत आहे. ती सोडा. कापूर, डांबर गोळ्या आणि उंदराच्या काही औषधांमधलं विष स्निग्ध पदार्थाबरोबर अंगात जास्त भिनतं. अ‍ॅसिडवर खायचा सोडा पाजणंही चूक. तोंड पुसा, शुद्धीत असेल तर चूळ भरायला लावा आणि निघा. उलटी आपोआप होत असेल तर डाव्या कुशीवर झोपवून न्या.

अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबण-पाण्यानं भरपूर धुवा. डोळ्यात गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्यानं किमान १५ मिनिटं डोळा धुवायचा, मगच दवाखाना. अंग आणि डोळे धुणं, या दोनच कामांसाठी थांबायला हवं.

रुग्णवाहिकेला १०८. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, त्याचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७. घरातले आणि डॉक्टर दोघेही विचारू शकतात. हे दोन्ही आकडे फ्रीजच्या दारावर ठळक लिहून लावा, मोबाइलमध्ये शोधत बसायची ती वेळ नसते.

कपाशीचं_बोंड

फवारणीचं औषध घरात का ठेवतो हे आधी समजून घ्या. शेतातल्या खोपटात ठेवलं तर चोरी होते. एकेका बाटलीला हजार-दोन हजार मोजलेले असतात. उधारीवर आणलेलं असतं ते वेगळंच. त्यामुळं "घरात ठेवू नका" एवढं सांगून कुणी ऐकणार नाही.

आमच्याकडं भावाच्या आशेनं कापूसही घरातच भरून ठेवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मधल्या घरात छतापर्यंत कापूस, त्याच्या कडेला पंपाचं पेट्रोल, फवारणीची औषधं आणि इन्व्हर्टर, असं चित्र मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनंही पेटते. कॅनचं झाकण नीट बसलेलं नसेल तर देवापुढची समईसुद्धा पुरे. कापूस घरात ठेवायचाच असेल तर निदान पेट्रोल-डिझेल त्या छपराखाली नको.

आम्ही केलेली सोय अशी. गोठ्याच्या भिंतीला, सावलीच्या बाजूला, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी पेटी पक्की बसवली. तळाला आणि वर बारीक भोकं, आत प्लास्टिकचा ट्रे, म्हणजे बाटली गळाली तरी खाली झिरपत नाही. कुलूप. ढेप आणि सरकीचं पोतं दुसऱ्या टोकाला. गुरांच्या खाद्याजवळ औषध ठेवलं तर म्हैस हातची जाते आणि दुधातून घरात येतं ते निराळंच.

गिरणाकाठ

दादा, पेटी कमरेएवढ्या उंचीवर का? मी तर वर माळ्यावर टाकायचं ठरवत होते. पोरांचा हात पोहोचणार नाही.

भुसावळ_जंक्शन

ताई, माळ्यावर मुळीच नको. वर पत्रे आहेत म्हणालात ना? एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. ते सावलीतलं तापमान. पत्र्याखाली, बंद माळ्यावर त्याहून बरंच जास्त. डासांचा स्प्रे, झुरळांचा स्प्रे, अंगाला मारायचा सेंट यांच्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नका. थंड प्रदेशात हा इशारा फक्त आगीपुरता वाटतो. आपल्याकडं माळा आणि उन्हात उभी असलेली गाडी, दोन्ही ठिकाणी तो आकडा सहज ओलांडला जातो. डबा फुटतो.

सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. आपल्या उन्हाळ्यातल्या साध्या घरच्या तापमानालाही त्याची वाफ पेटू शकते. कपडे पांढरे करायचं ब्लीच उन्हात शक्ती गमावतं आणि आत वायू साठून बाटली फुगते. असं फुगलेलं झाकण चेहऱ्यासमोर धरून उघडू नका.

दुसरी गोष्ट, उंचावरून काढताना बाटली निसटली तर आधी डोक्यावर येते. उंचीपेक्षा कुलूप मोठं. चार वर्षांचं पोर पिंप, स्टूल, पाट काहीही रचून वर चढतं. जागा थंड, सावलीची, हवा खेळणारी आणि कुलपाची हवी, उंची नंतर.

सातपुडा_पायथा

मी शेतकी पदवीधर आहे, चोपडा भागात काम करतो. लेबलबद्दल थोडं सांगतो, कारण ते चुकीचं वाचलं जातं.

कीटकनाशकाच्या बाटलीवर एक चौकोन टोकावर उभा असतो, त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यावर कवटी असते. मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. कीटकनाशक नियम, १९७१ मधली ही पद्धत आहे. तोंडावाटे गेल्यावर किती मात्रेत प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात यावरून रंग ठरतो. लालमध्ये शरीराच्या दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा, पिवळ्यात ५०० पर्यंत, निळ्यात ५००० पर्यंत, त्यापुढं हिरवा. आता या हिशेबात दहा किलोचं मूल बसवून बघा. मोठ्या माणसाला मळमळण्यापुरती असलेली मात्रा त्याला गंभीर करू शकते.

"हिरवा त्रिकोण आहे, काही होत नाही" हे वाक्य मी बांधावर नेहमी ऐकतो. हिरवा म्हणजे विष कमी, निर्विष नव्हे. वाढीची टॉनिकं म्हणून विकलं जाणारं सगळंही त्याच पेटीत ठेवा.

रिकाम्या डब्यांचं काय? केळीच्या पट्ट्यात पाच-दहा लिटरचे निळे-पांढरे कॅन घरोघर पाण्यासाठी, ताकासाठी, शौचाला नेण्यासाठी वापरतात. कितीही धुतलं तरी प्लास्टिकमध्ये मुरलेलं निघत नाही. फवारणीच्या दिवशीच डबा तीन वेळा खळबळून ते पाणी पंपातच ओता. नंतर डब्याला भोकं पाडा, म्हणजे कुणी पुन्हा वापरू शकणार नाही. रिकामे डबे मोडून वस्तीपासून दूर पुरायचे, हेही त्याच १९७१ च्या नियमांत आहे. जाळू नका, तो धूर शेजारच्या अंगणातच जातो. विहिरीजवळ किंवा पाटाच्या कडेला पुरणं तर अजिबात नको.

आणि केळीवाल्यांना विशेष विनंती. फळ पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे, तरी कुठं कुठं जुनी पुडी पडलेली असते. तिला पाणी किंवा दमट हवा लागली की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो, तो भडकन पेटतो. पावसाळ्यात गळणाऱ्या घरात ती पुडी म्हणजे आगच ठेवली आहे.

वाळवण

माझं वय सत्तरीला टेकलं आहे. बाया-माणसांच्या हातातलं थोडं सांगते.

या दिवसांत पापड, बिबडे, कुरडया घरोघर चालू असतात. पापडखार पांढरा, धुण्याचा सोडा पांढरा, कॉस्टिक सोडाही पांढरा. घरी साबण करणाऱ्या किंवा तुंबलेली मोरी साफ करायला कॉस्टिक आणणाऱ्या घरात हे तिन्ही एकाच फडताळात, एकसारख्या बरण्यांत मी पाहिले आहेत. कॉस्टिक जिभेला लागताक्षणी चामडी सोलते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येताच कामा नये. बोरिक पावडरही तशीच वेगळी, तांदळाच्या डब्याजवळ नको.

लेकी येणार म्हणून आपण ट्रंकेतल्या गोधड्या काढतो. त्यात डांबर गोळ्या असतात. गोळी पेपरमिंटसारखी दिसते म्हणून पोर तोंडात घालतं, हे एक झालं. पण काही बाळांच्या रक्तात जन्मापासून एक कमतरता असते, त्यांना नुसत्या त्या वासाच्या गोधडीत गुंडाळलं तरी रक्तपेशी फुटतात आणि कावीळ होते, असं आमच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. गोधड्या आठ दिवस आधी काढा, धुवा, कडक उन्हात घाला. आपल्याकडं उन्हाला काय तोटा? तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर गोळी कधीच नको.

कापूर आणि खडीसाखर यांत पोराला फरक कळत नाही. दोन-तीन ग्रॅम कापरानंही लहान मुलाला झटके येऊ शकतात. देव्हाऱ्यातला कापूर झाकणाच्या डबीत, वरच्या फळीवर.

पांझरा

आजी, जी६पीडी नावाच्या घटकाची ती कमतरता. तुमच्या डॉक्टरांनी अगदी बरोबर सांगितलं.

त्याला जोडून एक. बाळंतपणाला आलेल्या लेकीकडं लोहाच्या गोळ्या असतात, लाल, चकचकीत, गोड आवरणाच्या. पोरांना त्या गोळ्या-बिस्किटांतल्या वाटतात. लोह रक्त वाढवतं म्हणून घरचे घाबरत नाहीत, पण मूठभर गोळ्यांनी लहान मुलाच्या पोटात रक्तस्राव होतो आणि यकृत निकामी होऊ शकतं. मध्ये काही तास मूल बरं वाटतं, त्या काळात फसू नका. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचंही तसंच. आजोबांच्या उशाखालची पट्टी, आईच्या पर्समधली पट्टी, दोन्ही कुलपात. आणि औषध देताना "चॉकलेट आहे" म्हणू नका.

कान्हदेशनी_लेक

बठ्ठं वाचं. आमना घरमा बी औषध माचाखालेच शे. आज सांजले आबाले सांगीसन पेटी करी लेतस. वाळवण आजी, गोधडीनं मन्हा ध्यानमाच नव्हतं वं माय.

अमळनेरी

उंदरांचा विषय राहिला. गव्हाची कोठी भरली की उंदीर आलेच, आणि लोक काळ्या पुड्या, पेस्ट, वड्या आणून भाकरीच्या तुकड्यावर लावून कोपऱ्यात ठेवतात. भाकरीचा तुकडा! रांगणारं मूल दुसरं काय उचलणार? पिंजरा लावा. कोठीखाली विटा घालून ती उचलून घ्या, भोकं काचेचे तुकडे आणि सिमेंटनं बुजवा. ज्या घरात पाहुणी पोरं येणार आहेत तिथं त्या दिवसांत विषारी आमिष नकोच.

आणि धान्यात टाकायच्या त्या धुरीच्या गोळ्या. त्यांना दमट हवा लागली की फॉस्फिन वायू सुटतो. कोठीचं झाकण हवाबंद नसतं, तो वायू त्याच खोलीत झोपलेल्या माणसांच्या छातीत जातो. कायद्यानं या गोळ्या सामान्य माणसानं घरात वापरायच्याच नाहीत, प्रशिक्षित धुरीकरणवाल्यांसाठी आहेत त्या. गहू कडक वाळवा, दाताखाली कट्ट वाजला पाहिजे, मग कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांमध्ये घाला. आमच्या गावात अजून असाच गहू वर्षभर टिकतो.

कपाशीचं_बोंड

अण्णा, पाल्यानं सोंडे पूर्ण थांबत नाहीत, हा माझा अनुभव आहे. दोन महिन्यांनी पुन्हा ऊन द्यावं लागतं. पण धुरीच्या गोळ्या झोपायच्या घरात नकोत, हे शंभर टक्के मान्य.

तापीकाठ

मी डॉक्टर आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी अपघात विभागात काम केलं आहे. सगळे पोरांबद्दल बोलतायत, ते योग्यच आहे. मला मोठ्यांबद्दल लिहायचं आहे.

आपल्या भागात कर्ज, भाव, घरातली भांडणं यांतून माणूस रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणात हाताला येईल ते औषध उचलतो. तो क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. म्हणून औषध त्या क्षणी हाताशी नसणं याला फार किंमत आहे. मात्र कुलपाची पेटी घेतली म्हणजे हा प्रश्न सुटला, असं समजू नका. श्रीलंकेत १८० गावं घेऊन, त्यांतल्या निम्म्या गावांत अशा पेट्या वाटून मोठा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. नुसत्या पेट्यांनी विष घेण्याचं प्रमाण घटलं नाही. किल्ली घरातच असते, कुलूप उघडंही राहतं. त्याच देशात सगळ्यात घातक कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली, तेव्हा मात्र आत्महत्या खूप कमी झाल्या.

यातून घरापुरतं काय घ्यायचं? पोरांसाठी पेटी हवीच, तिथं ती उपयोगी आहे. मोठ्यांसाठी साठाच नको. जेवढी फवारणी तेवढंच आणा. कृषी केंद्रवाला म्हणेल मोठी बाटली स्वस्त पडते. लहान घ्या. लाल आणि पिवळ्या त्रिकोणाऐवजी त्याच किडीवर चालणारं निळं किंवा हिरवं आहे का, हे सातपुडा यांच्यासारख्या माणसाला विचारा. घरात कुणी गप्प-गप्प असेल, झोप उडाली असेल, "माझ्यामागं तुम्ही बघा" असं बोलत असेल, तर त्या हंगामात औषध भावकीत किंवा शेजारी विश्वासाच्या माणसाकडं ठेवा आणि त्या माणसाशी बोला, सरळ विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथं फोन लावण्यात कमीपणा नाही.

गिरणाकाठ

डॉक्टर, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यावर घराघरांत बोलणं होत नाही.

पेटी गोठ्याच्या भिंतीला बसवायचं ठरलं. दोन शंका उरल्या आहेत. एक, अ‍ॅसिड आणि ब्लीच त्याच पेटीत चालेल का? दोन, इन्व्हर्टर मधल्या घरात आहे आणि त्याच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवलेली असते, त्याचं काय?

भुसावळ_जंक्शन

पहिल्याचं उत्तर, नाही. टॉयलेट साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते ब्लीचमध्ये किंवा ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळलं की क्लोरिन वायू सुटतो. गळून एकत्र आलं तरी तेच. पाहुणे येणार म्हणून संडास लख्ख करायला दोन्ही एकदम ओतणाऱ्या बायका बंद दाराआड गुदमरतात. असं झालं तर ओतलेलं धुवायला थांबू नका, आधी बाहेर मोकळ्यावर या. अ‍ॅसिड एका बाजूला, ब्लीच दुसऱ्या बाजूला, आणि फवारणीच्या औषधांच्या पेटीत दोन्ही नको.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत सल्फ्युरिक अ‍ॅसिड असतं, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. कापूस, पडदे, गाद्या यांपासून लांब, खिडकीपाशी ठेवा. पोरांच्या झोपायच्या खोलीत नको. शेजारच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर असेल तर ते विषारी नसतं, पण तिथं पाण्याची बाटली दिसायची सवय लागली की उद्या त्याच जागी कुणी बॅटरीचं अ‍ॅसिड आणून ठेवेल आणि पोर ती उचलेल. भरून झालं की बाटली पेटीत. बॅटरीवर लाकडी खोका करून घ्या, बाजूंना जाळी ठेवा. आमच्याकडं सुतारानं अर्ध्या दिवसात करून दिला.

पांझरा

खोका होतोच आहे तर रिमोट, खेळणी, घड्याळं यांतल्या बटणासारख्या चपट्या बॅटऱ्याही त्याच दिवशी तपासा. मागचं झाकण स्क्रूचं नसेल तर चिकटपट्टी गुंडाळा. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जखम करते, आणि मूल सुरुवातीला नुसती लाळ गाळतं. शंका आली तरी लगेच एक्स-रे काढून घ्या, शीतून बाहेर पडेल म्हणून वाट बघू नका.